समजून घ्या : कॉलेजजवळची जुनी सोसायटी पाडली, की कॉटवरचा विद्यार्थी कुठे जातो?

जून उजाडला की पुण्यात डेक्कन, कर्वे रस्ता, सदाशिव पेठ, नवी पेठ या भागांत एक दृश्य हमखास दिसतं. पाठीवर सॅक, काखेत गादीची वळकटी, सोबत गावाहून आलेले वडील आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला अर्धवट पत्ता. 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' अशी पाटी शोधत बापलेक गल्ल्या पालथ्या घालत असतात.

अलीकडे या गल्ल्यांमध्ये अशा पाट्या कमी आणि पत्र्यांची कुंपणं जास्त दिसू लागली आहेत. पत्र्यावर नव्या इमारतीचं चकचकीत चित्र आणि खाली एक ओळ : 'प्रशस्त २ आणि ३ बीएचके, मोजकेच फ्लॅट शिल्लक'.

२०१५ मध्ये मी लातूर जिल्ह्यातून अभियांत्रिकीसाठी पुण्यात आलो. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या तीन मजली सोसायटीत मला कॉट मिळाली. वन बीएचकेमध्ये चार मुलं, महिना २,८०० रुपये. घरमालकीण काकू त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. गुडघे दुखायचे म्हणून भाजीची पिशवी आम्हीच वर नेऊन द्यायचो. ती इमारत आता नाही. तिच्या जागी उंच इमारत उभी राहिली, काकूंना लिफ्ट मिळाली. त्याचा आनंदच आहे. पण त्या सोसायटीत आमच्यासारखी तीसेक मुलं राहायची. त्यांच्यासाठी नव्या इमारतीत एकही कॉट नाही.

या सगळ्यात काकूंचं काही चुकलं नाही. बिल्डरनेही नियम मोडला नाही. चूक शोधायची असेल तर ती नियमांच्या हिशेबात शोधावी लागेल. हा हिशेब नेमका कसा चालतो, ते समजून घेऊ.

थोडक्यात काय?

- कॉलेजजवळच्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास गरजेचा आहे. त्याला विरोध करून उपयोग नाही.
- पुनर्विकासात बांधकाम वाढतं, फ्लॅट वाढतात. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या कॉट मात्र घटतात.
- निर्णयात सभासद, बिल्डर आणि महापालिका असतात. भाड्याने राहणाऱ्याला त्यात स्थान नाही.
- जादा बांधकामाची परवानगी शहर देतं, तर त्या बदल्यात शहराने अट घालायला हरकत नाही.

या भागात विद्यार्थी आले कुठून?

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ची आणि फर्ग्युसन कॉलेजची १८८५ची. स. प. महाविद्यालय १९१६ मध्ये सुरू झालं, आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ मध्ये, गोखले इन्स्टिट्यूट १९३० मध्ये, बीएमसीसी १९४३ मध्ये आणि गरवारे महाविद्यालय १९४५ मध्ये. या सगळ्या संस्था एकमेकींपासून सायकलच्या अंतरावर आहेत. विद्यापीठ त्यांच्यानंतर, १९४९ मध्ये आलं.

कॉलेजांची वसतिगृहं कधीच पुरली नाहीत. म्हणून उरलेल्यांना आसपासच्या घरांनी सामावून घेतलं. वाड्यातली माळ्यावरची खोली, बंगल्याचं आउटहाउस, सोसायटीतला भाड्याने दिलेला फ्लॅट. त्यामागोमाग खाणावळी आल्या, झेरॉक्सची दुकानं आली, जुन्या पुस्तकांचे गाळे आले. नंतर स्पर्धा परीक्षावाले आले आणि नवी पेठ, शास्त्री रस्ता अभ्यासिकांनी भरून गेला. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची परीक्षा पुढे ढकलल्यावर काही तासांत हजारो मुलं नवी पेठेत रस्त्यावर उतरली, कारण ती तिथेच, पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होती.

विद्येचं माहेरघर हे बिरुद कॉलेजांनी मिळवलं खरं, पण त्याचा बराच भार या जुन्या घरांनी उचलला. सरकारी कागदावर त्याची नोंद मात्र कधीच झाली नाही.

मग जुन्या इमारती पाडायच्याच का?

कारणं खरी आहेत. साठ ते ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या स्लॅबला गळती आहे, प्लंबिंग गंजलेलं आहे, लिफ्ट नाही, पार्किंग नाही. सभासद सत्तरीच्या पुढे गेलेत. अनेकांची मुलं बंगळुरूला किंवा अमेरिकेत आहेत. दुरुस्तीची वर्गणी काढायची म्हटली की वार्षिक सभेत भांडणं होतात.

दुसरं कारण शहराच्या हिताचं आहे. शहर वाढणारच असेल, तर हिंजवडीपलीकडच्या शेतात नवी वसाहत टाकण्यापेक्षा जिथे पाण्याची लाइन, बस, शाळा, दवाखाना आधीच आहे तिथे घरं वाढवणं शहाणपणाचं. वनाज ते गरवारे कॉलेज ही मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी ती डेक्कनमार्गे पुढे गेली. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या स्थानकाशेजारी तीन मजली इमारती तशाच राहाव्यात, असं कुणी नियोजनकार म्हणणार नाही.

त्यामुळे पाडायचं की नाही, हा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. जे उभं राहतं ते कुणासाठी, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

एफएसआयचं गणित काय आहे?

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. या सोसायट्या उभ्या राहिल्या त्या काळी पुण्याच्या निवासी भागात तो ढोबळमानाने १ होता.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू झाली. तिच्यात मूळ एफएसआय १.१ आहे. त्यावर पैसे भरून प्रीमियम एफएसआय घेता येतो आणि टीडीआर विकत घेऊन वापरता येतो. दोन्ही किती मिळणार, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं.

- रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद : फक्त मूळ १.१
- ९ ते १२ मीटर : एकूण २.०
- १२ ते १५ मीटर : एकूण २.२५
- १५ ते २४ मीटर : एकूण २.५
- ३० मीटर किंवा अधिक : एकूण ३.०

निवासी इमारतीत यावर आणखी ६० टक्क्यांपर्यंत पूरक बांधकाम मिळू शकतं. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात, भूखंड आणि रस्ता दोन्ही पुरेसे मोठे असतील तर एफएसआय ४ पर्यंत जातो.

२०२० मध्ये शहरातले ३२३ रस्ते ६ मीटरवरून ९ मीटर करण्याचा प्रस्ताव एवढा का गाजला, हे आता लक्षात येईल. तीन मीटरने रस्ता वाढला, की सोसायटीचा हक्क १.१ वरून २.० वर जातो.

एका सोसायटीचं उदाहरण

समजा, ९ मीटर रस्त्यावर १,००० चौरस मीटरचा भूखंड आहे. जुन्या इमारतीत वन बीएचकेचे २० फ्लॅट. त्यातले आठ विद्यार्थ्यांना दिलेले, प्रत्येकात चौघे. म्हणजे ३२ मुलं.

नव्या नियमाने २.० एफएसआय, म्हणजे २,००० चौरस मीटर. त्यावर ६० टक्के, १,२०० चौरस मीटर. एकूण ३,२०० चौरस मीटर. सभासदांना आधीपेक्षा ३० टक्के मोठी घरं देऊन, जिने-लिफ्टची जागा वजा करून, उरलेल्यात बिल्डर विकण्यासाठी आणखी वीसेक फ्लॅट काढू शकतो.

फ्लॅट २० वरून ४० झाले, बांधकाम तिपटीने वाढलं. मग विद्यार्थ्यांची सोय ३२ वरून ६४ वर जायला हवी ना?

तसं होत नाही. विकायचे फ्लॅट मोठे असतात, कारण या भागातला ग्राहक मोठं घर मागतो. ज्या आठ मालकांनी आधी मुलांना जागा दिली होती, त्यांच्याकडे आता लिफ्ट, पार्किंग आणि मॉड्युलर किचनवाला फ्लॅट असतो. तो ते आयटीतल्या जोडप्याला चढ्या भाड्याने देतात. शिवाय नवी सोसायटी अनेकदा 'फक्त कुटुंबासाठी' असा तोंडी नियम करून टाकते. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त आधी कळवावं लागतं. पण गेटवरच्या वादात उपविधी कुणी उघडून बघत नाही.

दुहेरी फटका कसा बसतो?

पुनर्विकास सुरू झाला की सभासदांना दोन-तीन वर्षं दुसरीकडे राहावं लागतं. त्याचं भाडं बिल्डर देतो. ओळखीचे डॉक्टर, सकाळची टेकडी, मैत्रिणींचा कट्टा सुटू नये म्हणून ज्येष्ठ मंडळींना जागा त्याच भागात हवी असते.

म्हणजे एका गल्लीतल्या तीन सोसायट्या एकाच वेळी रिकाम्या झाल्या, तर आधी त्यातल्या विद्यार्थ्यांच्या जागा जातात. मग उरलेल्या जागांसाठी तेच विद्यार्थी आणि ही साठ कुटुंबं समोरासमोर येतात. एकाच्या मागे बिल्डरचा चेक, दुसऱ्याच्या मागे शेतकरी बाप. भाडं कुठल्या बाजूला झुकणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

गेल्या जूनमध्ये मावसभावासाठी मीच शोधाशोध केली. माझ्या जुन्या गल्लीच्या आसपास तिघांच्या खोलीतल्या एका कॉटसाठी आठ हजारांच्या खाली कुणी बोलायला तयार नव्हतं. त्यात जेवण नाही.

याच्या शेजारी सरकारी आकडा ठेवून बघा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरासाठी तिच्यात निवास भत्ता वर्षाला २०,००० रुपये धरला आहे. महिन्याला साधारण १,६६७ रुपये. या पैशात आज कॉलेजजवळ कॉट मिळत नाही.

लांब राहिलं तर काय बिघडतं?

मेट्रो आहे, विद्यार्थ्यांना भाड्यात ३० टक्के सवलतही आहे. हा पर्याय खरा आहे आणि अनेक जण तो घेतात. पण मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला, कोथरूडमध्येही पुनर्विकासाचे पत्रे लागलेले आहेत.

शिवाय अंतराचा खर्च सगळ्यांना सारखा नसतो. रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलीला चालत पाच मिनिटांवर खोली असणं आणि शेवटची बस गाठून वारजे किंवा धायरीला जाणं, यात मोठा फरक आहे. बरेच पालक हा फरक ओळखतात आणि मुलीला पुण्याऐवजी तालुक्याच्या कॉलेजात घालतात. घरभाड्याच्या कुठल्याच सर्वेक्षणात ती मुलगी दिसत नाही, कारण ती पुण्यात आलेलीच नसते.

निर्णयात कुणाला मत आहे?

सहकारी सोसायटीचा पुनर्विकास सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांनुसार होतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. सल्लागार नेमणं, निविदा काढणं, प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घेणं, हे सगळं त्यात आहे. सभासदाची फसवणूक होऊ नये म्हणून ही काळजी घेतली आहे आणि ती योग्यच आहे.

या प्रक्रियेत कॉटवरचा विद्यार्थी कुठेच येत नाही. त्याला कळतं ते शेवटी, आणि तेही बहुतेक वेळा तोंडी : 'महिनाअखेर खोली सोडा.' मग सेमिस्टर चालू असो की परीक्षा.

लहान घरं बांधायला लावणारा एक नियम आहे. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावा लागतो. पण ४,००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर. प्रभात रस्ता, एरंडवणे किंवा पेठांमधल्या बहुतेक सोसायट्या याच्या पाव भागातही बसतील. त्यामुळे जिथे विद्यार्थी राहतात, नेमका तिथेच हा नियम लागू होत नाही.

मोटार आणि स्कूटर किती उभ्या राहायला हव्यात, याचा मात्र फ्लॅटच्या आकारानुसार तपशीलवार तक्ता नियमावलीत आहे. तो नसेल तर नकाशा मंजूर होत नाही. इमारतीत किती माणसं भाड्याने राहत होती, हे विचारणारा रकाना त्याच अर्जात नाही.

'सभासदांनी का म्हणून सोसायचं?'

हा प्रश्न रास्त आहे. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेलं घर, त्यावर विद्यार्थ्यांची जबाबदारी कशाला?

उत्तर एफएसआयच्या तक्त्यात आहे. मूळ १.१ हा जमिनीसोबत आलेला हक्क मानला, तरी त्यावरचं बांधकाम ही शहराने दिलेली सवलत आहे. वाढीव पाणी, ड्रेनेज, रस्ता, मेट्रो यांचा भार सगळे करदाते उचलतात. या भागात फ्लॅटला चढा दर मिळतो, त्यात शेजारच्या कॉलेजांच्या नावाचाही वाटा आहे. त्यामुळे जादा बांधकाम देताना त्यातला छोटासा हिस्सा विद्यार्थ्यांसाठी मागणं म्हणजे कुणाच्या मालकीवर घाला नव्हे. आणि हा हिस्सा सभासदांना तोट्यात घालतोच असंही नाही.

काय करता येईल?

१. आधी मोजा. पुनर्विकासाचा नकाशा दाखल करताना जुन्या इमारतीत किती भाडेकरू आणि किती विद्यार्थी राहत होते, याची नोंद सक्तीची करा. खर्च शून्य. दोन वर्षांत शहराला कळेल, की कुठल्या प्रभागातून किती कॉट गेल्या.

२. सोसायटीच्या मालकीच्या खोल्या. जादा एफएसआय घेणाऱ्या कॉलेज परिसरातल्या प्रकल्पात ५ टक्के बांधकाम विद्यार्थी निवासासाठी ठेवून ते सोसायटीच्या मालकीचं करा. वरच्या उदाहरणात ३,२०० चौरस मीटरचे ५ टक्के म्हणजे १६० चौरस मीटर. एका विद्यार्थ्याला बाथरूमसह ८ चौरस मीटर धरले तर २० कॉट. महिना ६,००० रुपयांनी १,२०,००० रुपये. ४० फ्लॅटवर वाटले तर खर्च वजा जाण्याआधी प्रत्येकी ३,००० रुपये. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांनी मेंटेनन्स वाढतो आणि पेन्शनवर जगणाऱ्या सभासदाला तोच सलतो. हा भार या खोल्या हलका करू शकतात. ३२ कॉटची भरपाई २० ने होणार नाही, पण आज हा आकडा शून्य आहे.

३. कॉलेजांनी स्वतःकडे बघावं. ज्या संस्थांकडे कॅम्पसमध्ये मोकळी किंवा एकमजली बांधकामाने अडलेली जागा आहे, त्यांनी निदान पहिल्या वर्षाच्या बाहेरगावच्या मुलामुलींसाठी वसतिगृह वाढवावं. तुकडी वाढवण्याची परवानगी देताना 'ही मुलं राहणार कुठे?' हे विचारायला हवं.

४. मे महिना पाळा. इमारत रिकामी करण्याची तारीख शक्यतो वार्षिक परीक्षेनंतरची ठेवा आणि भाड्याने राहणाऱ्यांना किमान ६० दिवसांची लेखी सूचना द्या. ठराव ते पाडकाम यांत तसाही बराच काळ जातो. दोन ओळींची नोटीस आधी लावल्याने कुणाचं काही अडत नाही.

तुम्ही विद्यार्थी असाल तर

- खोली घेताना एक प्रश्न जरूर विचारा : 'सोसायटीचा पुनर्विकासाचा ठराव झालाय का?' काकू-काका सहसा खरं सांगतात, फक्त कुणी विचारत नाही.
- महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं.
- डिपॉझिट यूपीआयने किंवा चेकने द्या. रोखीने दिलं तर पावती घ्या. खोली अचानक सोडावी लागली, तर हाच पुरावा कामाला येतो.
- खासगी हॉस्टेलच्या बिलावर जीएसटी दिसला तर तपासा. सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम आणि माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचं भाडं असेल, तर २०२४ पासून त्यावर सूट आहे.

परवा काकूंना भेटायला गेलो होतो. लिफ्टने वर गेलो, चहा झाला. निघताना म्हणाल्या, 'इथे सगळं छान आहे रे, पण जिन्यात आता कुणाचा आवाज नाही. तुमच्यासारखी पोरं हल्ली कुठे राहतात?'

महापालिकेला हा प्रश्न अजून पडलेला नाही. नकाशा मंजुरीच्या अर्जात एक रकाना वाढवला, तर निदान तो विचारला तरी जाईल.